51 सेंटीमीटरची डॅनिश चलाखी: कारागिरी की पळवाट?

फ्योर्डकर
डेन्मार्कमधल्या आमच्या ऑरहूसच्या कयाक क्लबात परवा वरच्या फळीवरून एक जुनी लाकडी के-वन, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद शर्यती होडी, खाली काढली. महोगनीचे पातळ पापुद्रे साच्यावर थरावर थर चिकटवून केलेली, लिमफ्योर्डकाठच्या स्ट्रुअर गावची. (बँग अँड ओलुफसेनचे रेडिओही याच गावचे. फिनिशिंग तिथल्या पाण्यातच असावं.) वरून बघितली तर लांबवलेला पतंग! नाळेपासून दोन सरळ रेघा रुंदावत जातात, पाठीमागे कोपरा येतो आणि तिथून परत निमुळती.

हा कोपरा का, तर तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम. एकट्याची शर्यती कयाक जास्तीत जास्त 520 सेंमी लांब, किमान 51 सेंमी रुंद, किमान 12 किलो, आणि बाहेरची रेघ कुठेही आत वळता कामा नये. पण हे 51 सेंमी नेमके कुठे हवेत, ते नियमात नव्हतं. यॉर्गन सॅमसन या डॅनिश आरेखकाने ते नेऊन ठेवले सीटच्या मागे आणि पाण्याच्या वर. पाण्यात बसणारा भाग अरुंदच राहिला, आणि वल्हं पडतं तिथली बाजू चिंचोळी झाल्याने ते बोटीला अगदी लगटून मारता येऊ लागलं. रेघ आत वळवायला बंदी, म्हणून ती ताणून सरळ केली. 'रेंजर', 'लान्सर' या बोटी त्याचीच बाळं.

सिडनी ऑलिंपिकनंतर, 2000 साली, रुंदीची अट निघाली आणि कोपराही गेला. माझं मत: अट काढायला नको होती. पेचात सापडल्यावर जे डोकं चालतं ते मोकळ्या रानात चालत नाही. आता सगळ्या एकजात सुया.

गणिती
असहमत. अहो, ही टेपपट्टीला घातलेली टोपी आहे. अट घातली कशाला? कोणी फार अरुंद बोट करू नये म्हणून. तोल सांभाळतो तो पाण्यातला भाग, आणि तो तर सॅमसनने अरुंदच ठेवला. म्हणजे 51 सेंमी हे हत्तीचे दाखवायचे दात. बिचारा वल्हवणारा तो कोपरा हजार मीटर वाहून नेणार, कशासाठी? मोजणाऱ्याच्या समाधानासाठी?

आणि डेन्मार्कचं यश त्या पतंगावर अवलंबून होतं असंही नाही. कारेन हॉफने 1948 ला लंडनमध्ये बायकांच्या कयाकचं ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं सुवर्ण जिंकलं, तेव्हा कुठे होता हा कोपरा? अट गेल्यावरही 2008 ला के-टू (दोघांची कयाक) 1000 मीटरमध्ये ऑलिंपिक रौप्य, 2015 ला रेने होल्टेन पौलसेन के-वन 1000 चा जगज्जेता, 2016 ला एमा यॉर्गेनसेनला ऑलिंपिक रौप्य. बोटी मात्र आता सगळीकडे नेलो या पोर्तुगीज कंपनीच्या दिसतात, हे दुःख मान्य.

निवांत_वल्हं
तुम्ही मोजत बसा, पण या शर्यतवेडाचा त्रास आम्हा हौशी लोकांना होतो. डेन्मार्कमध्ये फिरायच्या बोटींतही दोन जाती: टूरकायाक आणि हाउकायाक, म्हणजे समुद्री. टूरकायाक ही शर्यतीच्या बोटीची चुलत बहीण. लांब, सडपातळ, पायाने फिरवायचं सुकाणू. आमच्या क्लबात मला पहिल्याच दिवशी तीत बसवलं. धक्क्यापासून दोन हातांवर तीनदा पालथी झाले, मे महिन्याच्या पाण्यात! दात वाजतायत आणि वर शिकवणारे आजोबा शांतपणे म्हणतात, "कंबर सैल सोडा." कंबर गोठलीय हो आजोबा.

समुद्री बोट रुंद, पुढे-मागे बंद कप्पे, धरायला दोऱ्या. पण तीत बसलं की क्लबातले जुने खोड असं बघतात, जणू सायकलला मागे दोन चाकं लावलीत.

फ्योर्डकर
ताई, पडणं हाच तर पहिला धडा. डुगडुगती बोट आठ दिवसांत जे शिकवते ते रुंद बोट दोन वर्षांत शिकवत नाही. आणि टूर डे गुडेनो ही नदीतली कयाक शर्यत बघा: स्कॅन्डरबोर्गहून रॅन्डर्स, दोन दिवसांत 120 किलोमीटर. टांगेच्या वीजधरणाशी उतरून बोट खांद्यावर घ्यावी लागते. तिथे तुमची कप्पेवाली उचलून दाखवा, मग बोलू.

निवांत_वल्हं
मला मुळात रॅन्डर्सला जायचंच नाहीये. मला समोरच्या बेटावर जाऊन डबा खायचाय.

दर्यावर्दी
मुळात सगळ्यांना एकच आकडा लावायचा हीच गफलत. ग्रीनलंडमधली जुनी पद्धत माहितीये ना? कयाकची लांबी स्वतःच्या तीन वावांएवढी (वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचं अंतर), बसायच्या जागी रुंदी कमरेला दोन मुठी जोडून. बोट माणसाच्या मापाची, शिवलेल्या सदऱ्यासारखी. ग्रीनलंडशी डेन्मार्कचा संबंध शतकांचा, कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात या बोटी बघायला मिळतात. एवढं डोळ्यासमोर असून वाद कशाचा, तर 51 चा! रुंदीची अट गेली ते उत्तमच, आणि निवांत ताईंना हवी ती रुंद बोट मिळू दे.

गणिती
माझ्या कमरेला दोन मुठी जोडल्या तर स्ट्रुअरला महोगनी पुरायची नाही.

फ्योर्डकर
आज टेप लावली. कोपऱ्यावर बरोबर 51, वर एक केस जास्त नाही. पाय असतात तिथे जेमतेम दीड वीत. गणिती साहेब, पळवाट म्हणा हवं तर, पण एवढी गुळगुळीत पळवाट मी अजून पाहिलेली नाही. शनिवारी पाण्यात घालतोय. ताई, टॉवेल घेऊन या, बहुतेक मलाच लागेल.