चार वर्षांच्या मुलीचे डोळे आलेत, कोणते थेंब घालावेत?

मृगनक्षत्र:
नमस्कार मंडळी. आम्ही लांजा तालुक्यात राहतो. धाकटी चार वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती. ती बरी होतेय म्हणेपर्यंत परवा सकाळी डावा डोळा चिकटलेला. कोमट पाण्याने पुसला तर घट्ट पिवळी चिपडं निघाली. काल उजवाही लाल झाला. अंगणवाडीत अजून दोघांचे डोळे आलेत. सासूबाई म्हणतात, शेळीच्या दुधाची घडी ठेव. शेजारच्या वहिनींकडे मागच्या वर्षीची थेंबांची बाटली आहे, अर्धी भरलेली. त्यांच्या मुलाला दोन दिवसांत गुण आला होता. ती घालू का? डोळ्यांचे डॉक्टर रत्नागिरीला आणि पाऊस असा की एसटीचा भरवसा नाही. रात्रभर रडते, अंगात कणकण आहे, डाव्या कुशीवर तर झोपतच नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा. आधीच धन्यवाद.

जास्वंद:
ताई, २०२३ च्या जुलैत आळंदीत आणि पुण्यात साथ आली तेव्हा आमच्या घरात पाचही जणांचे डोळे आले होते. पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा केला असता तर निम्मे वाचलो असतो. डोळ्यांत बघितल्याने साथ लागत नाही, हाताने लागते. मुलीचा डोळा पुसला की साबणाने हात धुवा, मगच दुसऱ्या कशाला हात लावा. काजळ पूर्ण बंद, आणि ती डबी टाकूनच द्या. दुधाची घडी नको. आमच्याकडे गुलाबपाणी घातलं होतं, त्याने नुसती आग झाली.

कृष्णाकाठ:
ती बाटली घालू नका. हात जोडून सांगतो.

आम्ही वाळव्याकडचे. सहा वर्षांपूर्वी वडिलांच्या डोळ्याला उसाचं पान लागलं. खुपलं, पाणी आलं, लाल झाला. तालुक्याच्या एका मेडिकलमधून लालीवर थेंब आणले. दोन दिवसांत लाली गेली, आम्ही म्हटलं झालं बरं. पाचव्या दिवशी उजेड सोसेना आणि काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला. मिरजेला नेलं, तिथे बुबुळाचं खरवडून तपासलं तर बुरशी. थेंबांच्या त्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड लाली आणि दुखणं दाबतं, पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

मग नॅटामायसिनचे थेंब, दर तासाला, रात्रीसुद्धा. आई कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तासातासाला खूण करायची. ते पान आम्ही अजून ठेवलंय. जखम भरली, पण फूल पडलं. त्या डोळ्याला आता समोर धरलेली बोटं तेवढी मोजता येतात.

वहिनींच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडांपैकी काही लिहिलंय का ते वाचा. लिहिलेलं नसलं तरी उघडलेली बाटली महिन्याभरात टाकायची असते. ती वर्षाची जुनी आहे.

दृष्टिक्षेप:
मी नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून ग्रामीण रुग्णालयांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. कृष्णाकाठ यांच्या वडिलांसारखे रुग्ण मी दर ऊसतोडीला आणि भातकापणीला पाहिले आहेत. डोळ्याला पान, काडी, भाताचं कुसळ लागलं की मेडिकल नाही, थेट डोळ्यांचा दवाखाना.

आता मुलीबद्दल. डोळे येणं सगळं एकसारखं नसतं. विषाणूने आले तर पाणी जास्त वाहतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, आधी एक मग दुसरा, कधी कानापुढे छोटी गाठ लागते. त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आठवडा ते दोन आठवड्यांत आपोआप जातं. दोन्ही डोळ्यांना एकदम आणि खाज फार असेल, मूल डोळे चोळचोळ चोळत असेल, तर बहुधा ॲलर्जी. तुम्ही लिहिलंय तसा घट्ट पिवळा पू आणि सकाळी चिकटलेल्या पापण्या हे जिवाणूंचं लक्षण. त्याला साधे अँटिबायोटिक थेंब देतात, पण तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बघूनच. त्यासाठी रत्नागिरी गाठायची गरज नाही.

तोपर्यंत पाणी उकळून गार करा. कापसाचा बोळा भिजवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा आणि तो बोळा टाका. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. चिकटलेली पापणी ओढू नका, ओला बोळा मिनिटभर ठेवला की चिपडं सुटतात.

डोळा नुसता खुपत नसून ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, नीट दिसत नसेल किंवा बुबुळावर पांढरं काही दिसलं, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांत पू आला तरी त्याच दिवशी. आणि घरातल्या मोठ्या माणसाचा एक डोळा अचानक लाल झाला, कपाळ ठणकतंय, उलटी होतेय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर ते डोळे येणं नव्हे. तो काचबिंदूचा झटका असू शकतो, एका रात्रीतही नजर जाते. लोक पित्त समजून झोपून राहतात, मी हे पाहिलंय.

कानोसा:
मी कान-नाक-घसा बघतो. ताई, तुमच्या पोस्टमधल्या एका ओळीने मला थांबवलं: डाव्या कुशीवर झोपत नाही. कान बघितला का कुणी?

आधी सर्दी, मग चिकट पिवळे डोळे, कणकण आणि रात्रीचं रडणं, हे सगळं लहान मुलात एकत्र आलं की कान बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा नावाचा एक जिवाणू आहे. नावात इन्फ्लुएन्झा असलं तरी हा फ्लूचा विषाणू नव्हे. तो बऱ्याचदा डोळा आणि मधला कान दोन्ही एकाच वेळी धरतो. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी मुलांमध्ये आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज कानात चढते. पडद्यामागे पू साचतो, आडवं झालं की ठणका वाढतो, म्हणून मूल दिवसा खेळतं आणि रात्री रडतं. चार वर्षांचं मूल 'कान दुखतो' असं नीट सांगेलच असं नाही.

असं निघालं तर नुसत्या डोळ्यांच्या थेंबांनी भागत नाही, पोटातून अँटिबायोटिकचं सिरप लागतं. डॉक्टर वजन बघून देतील. दोन दिवसांत मूल हसायला लागलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. रात्रीच्या ठणक्याला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं.

आणि कानात काही घालू नका. तेल नको, लसूण तर नकोच. पडदा आतून फुगलेला असतो, कधी फाटलेला असतो, आणि बाहेरून ते कळत नाही.

मृगनक्षत्र:
अंगावर काटा आला वाचून. काल संध्याकाळीच सासूबाईंनी लसणाचं कोमट तेल घातलंय, डाव्या कानात दोन थेंब. आता काय करू? आज सकाळी तिच्या उशीवर पिवळा डाग होता, मी तेलाचाच समजले.

कानोसा:
घाबरू नका, आणि सासूबाईंना बोल लावू नका. त्यांनी मायेने घातलंय. तो डाग पू असावा, पडदा फुटून वाहिला असेल. रात्री रडून शेवटी गाढ झोपली का? पू वाहिला की ठणका एकदम उतरतो. अशी छिद्रं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतात. आता कान कोरडा ठेवायचा. आत काडी, बड, पिळलेला कापूस काहीही नाही, बाहेरचं तेवढं पुसा. मेडिकलमधून कानाचे थेंबही स्वतःहून आणू नका, जेंटामायसिनसारखी काही औषधं फुटक्या पडद्यातून आत गेली तर आतल्या कानाला इजा करून ऐकू येणं कमी करू शकतात. आजच आरोग्य केंद्र गाठा.

कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकललेली दिसली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, चक्कर आली किंवा मूल ग्लानीत गेलं, तर पाऊस असो नाहीतर काही असो, १०८ ला फोन करा आणि जिल्हा रुग्णालयात न्या.

पाटीपेन्सिल:
मी शाळेत शिकवते, थोडं विषयांतर करते. मागच्या महिन्यात पहिलीतल्या एका मुलाने कानात चिंचोका घातला. कुणीतरी पाणी घालून काढायला निघालं होतं, मी अडवलं. बरोबर केलं ना?

कानोसा:
अगदी बरोबर केलंत. चिंचोका, वाटाणा, हरभरा पाण्याने फुगतो आणि जास्तच घट्ट बसतो. हेअरपिनने उकरायचंही नाही, आत ढकललं जातं. खेळण्यातला किंवा घड्याळातला बटण सेल कानात किंवा नाकात गेला तर मात्र तासाभराचाही उशीर नको, तो ओल्या कातडीला काही तासांत भाजून काढतो. तेलाचा उपयोग एकाच वेळी: कानात जिवंत किडा शिरला, कान आधी कधी वाहिलेला नसेल, तर खोबरेल घालून त्याला गुदमरवायचं, म्हणजे त्याची फडफड थांबते. मग दवाखान्यात जाऊन काढून घ्यायचा.

मृगनक्षत्र:
जाऊन आलो. दीर मोटरसायकलवर घेऊन गेले, मी तिला रेनकोटात गुंडाळून धरलं. डॉक्टरांनी कान बघितला. डाव्या पडद्याला बारीक छिद्र आहे, उजवाही लाल आहे. सिरप सुरू झालं, डोळ्यांना थेंबही दिलेत. दहा दिवसांनी परत बोलावलंय.

थेंब घालताना खूप रडते, डोळे घट्ट मिटून घेते. काही युक्ती?

दृष्टिक्षेप:
उताणी झोपवा. डोळे मिटलेलेच राहू देत. नाकाकडच्या कोपऱ्यात, पापणीवरच, एक थेंब सोडा आणि 'आता कावळा कुठे बसलाय बघ' म्हणा. डोळा उघडला की थेंब आपसूक आत जातो. बाटलीचं तोंड पापणीला टेकू देऊ नका. एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर वाहतो.

मृगनक्षत्र:
आठवा दिवस. कावळ्याची युक्ती चालली, आता तीच 'कावळा' म्हणून झोपते. डोळे स्वच्छ आहेत, ताप नाही. फक्त हाक मारली तर कधीकधी वळून बघत नाही आणि टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते. काळजीचं आहे का?

कानोसा:
सध्या नाही. पू गेला तरी पडद्यामागे पातळ द्रव काही आठवडे राहतो, पाण्याखाली असल्यासारखं ऐकू येतं. समोर बसून, तिच्याकडे बघून बोला. बहुतेक मुलांचं तीन महिन्यांत निवळतं. तीन महिन्यांनीही असंच राहिलं तर ऐकण्याची तपासणी करून घ्या, जिल्हा रुग्णालयात होते. मूल दुर्लक्ष करतंय म्हणून ओरडा खाणारी कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना खरंच ऐकू येत नसतं.

मृगनक्षत्र:
हे सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, माझा उजवा कान दर पावसाळ्यात खाजतो, दडा बसल्यासारखा होतो, म्हणून मी रोज तेल घालते. त्यांचं काय असेल?

कानोसा:
बहुधा बुरशी. दमट हवा आणि वर तेल, बुरशीला तेच हवं असतं. आत पांढरा कापसासारखा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. कान साफ करून बुरशीचे थेंब दोनतीन आठवडे घालावे लागतात, खाज थांबली तरी मधेच सोडायचे नाहीत. तेल आजपासून बंद. आंघोळीआधी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा, आंघोळ झाली की काढून टाका.

मृगनक्षत्र:
परवा मुलीला परत दाखवायचंय. सासूबाईही येतायत, त्यांनीच सांगितलं की माझाही केसपेपर काढ.