सोन्याची साखळी, लोखंडाची साखळी: हे गाणं खरंच इतकं वाईट होतं का?

उगाच_एक
परवा गाडीत कंट्री, म्हणजे अमेरिकन दक्षिणेतल्या लोकगीतांतून आलेलं संगीत, गाणारा गोरा गायक ब्रॅड पेझली आणि काळा रॅपर एलएल कूल जे यांचं २०१३ चं 'अ‍ॅक्सिडेंटल रेसिस्ट' लागलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या दक्षिणेतला एक गोरा माणूस कॉफीच्या दुकानात जातो. अंगात आवडत्या रॉक बँडचा टीशर्ट, त्यावर कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरी टिकवायला १८६०-६१ मध्ये फुटून निघालेल्या राज्यांचा. काउंटरवरच्या माणसाला तो म्हणतो, गैरसमज नको, मी फक्त त्या बँडचा चाहता आहे. मग रॅपर येतो आणि म्हणतो, तू माझ्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळ्यांवरून मला जोखू नकोस, मी त्या लोखंडाच्या साखळ्या विसरतो.

गाणं आलं आणि दोघांचीही यथेच्छ टिंगल झाली. माझं म्हणणं, झाली ती जरा जास्तच झाली. कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलचा एक मोठा स्टार हा विषय अल्बमवर घेतो, एका काळ्या रॅपरला बोलावून त्याच्या तोंडून उत्तर ऐकवतो, हे थोडं आहे का? २००४ मध्ये काळा रॅपर नेली आणि गोरा कंट्री गायक टिम मॅकग्रॉचं 'ओव्हर अँड ओव्हर' अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ते प्रेमभंगाचं गाणं, त्यामुळे कुणाचा काही आक्षेप नव्हता. विषय टाळला की सगळे खूश. बोलताना अडखळला त्याला मात्र जोडे.

झणझणीत_रस्सा
साफ असहमत. अडखळण्याचा प्रश्नच नाही, हिशोबच खोटा आहे. सोन्याची साखळी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन स्वतः गळ्यात घातलेली. लोखंडाची दुसऱ्याने घातलेली, तीही पिढ्यान् पिढ्या. या दोन साखळ्या एका तराजूत घालून 'चल, फिट्टंफाट' म्हणायचं? आणि माफ करणारा हा कोण? न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेला करोडपती रॅपर. ज्यांच्या वतीने तो विसरतोय, त्यांना कुणी विचारलं?

आणि ते 'अ‍ॅक्सिडेंटल'! टीशर्ट काय झोपेत घातला होता?

तिरकस_मास्तर
एक बारीक खुसपट काढतो, सवय आहे. पेझली वेस्ट व्हर्जिनियाचा. व्हर्जिनिया फुटून निघालं तेव्हा तिच्या पश्चिमेकडच्या लोकांनी आम्ही नाही येत म्हणून वेगळी चूल मांडली आणि १८६३ मध्ये ते राज्य अमेरिकन संघात दाखल झालं. म्हणजे ज्या झेंड्याचं ओझं हा गृहस्थ खांद्यावर घेऊन रडतोय, त्या झेंड्याखालून याचं राज्यच बाहेर पडलेलं! आता बोला.

उगाच_एक
मास्तर, ही माहिती भारी, पण तिने माझा मुद्दा पडत नाही. गाण्यातला 'मी' म्हणजे गायकच असायला हवा असं कुठे आहे? पूर्वजांनी केलं ते आपण केलं नाही, तरी त्याची लाज आपल्या वाट्याला येते, ही भावना खोटी नाही. ती कुणी तरी गायलीच पाहिजे.

पीचट्री_पंत
मी अटलांटाजवळ अकरा वर्षं आहे. एकदा हायवेलगतच्या पेट्रोल पंपावर गाडी बंद पडली, बॅटरी गेली होती. शेजारी पिकअप उभा, मागच्या काचेवर हाच झेंडा, उन्हाने निळा रंग पार विटलेला. मालक उतरला, न विचारता केबल काढल्या, गाडी चालू करून दिली, वर म्हणाला, घरी पोचेपर्यंत बंद करू नकोस. मी कौतुकाने ऑफिसात सांगितलं. माझी एक काळी सहकारी ऐकत होती. ती म्हणाली, "मलाही दिल्या असत्या कदाचित. पण मी काच खाली केली नसती."

पेझलीच्या गाण्यात हे वाक्य नाही. त्याला आपला हेतू समजावून सांगायचाय. समोरचा काच का खाली करत नाही, ते त्याला विचारायचंच नाही. जून २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना मारणाऱ्याचे याच झेंड्याबरोबरचे फोटो निघाले. त्यानंतर महिन्याभरात साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळासमोरचा झेंडा उतरला. हेतू समजावणारं गाणं तेव्हा कुणाला आठवलंही नाही.

बँजोवाली_मावशी
मला वाटतं यावर गाणं लिहूच नये. काळ्या-गोऱ्या दोघांनी बसून वाजवावं, बस्स. 'ओल्ड टाउन रोड' बघा. लिल नास एक्स या काळ्या रॅपरने त्यात वंशाबद्दल एक शब्द उच्चारलेला नाही. घोडा, रस्ता, टोपी. मार्च २०१९ मध्ये बिलबोर्डने, म्हणजे गाण्यांच्या लोकप्रियता याद्या काढणाऱ्या मासिकाने, ते कंट्रीच्या यादीतून काढलं, कारण काय, तर आजच्या कंट्रीचे गुण त्यात पुरेसे नाहीत! मग बिली रे सायरस हा गोरा कंट्री गायक आला, एक कडवं गायला, आणि गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. कंट्रीच्या दारावर कोण उभं आहे, हे त्या घोड्यानेच दाखवून दिलं. वर गंमत अशी की बँजो मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांचा वंशज, गुलामांबरोबर आलेला. तेच वाद्य वाजतंय आणि म्हणे हे कंट्री नाही.

झणझणीत_रस्सा
मावशींना +१. शिवाय ही दारं आपोआप उगवलेली नाहीत. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वेगळे कॅटलॉग काढले, काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली', म्हणजे पुढचं कंट्री. गावात एकमेकांची गाणी उचलणारे लोक दुकानात वेगळे झाले.

तिरकस_मास्तर
मावशी, 'बसून वाजवावं, बस्स' हे इतकं निर्मळ नाही हो. जुलै १९३० मध्ये लॉस एंजेलिसला गोरा कंट्री गायक जिमी रॉजर्सच्या 'ब्लू योडेल नं. ९' वर काळा जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग ट्रंपेट वाजवतो आणि त्याची बायको लिल पियानो. काय वाजवलंय! आणि तबकडीच्या लेबलवर या नवरा-बायको दोघांचंही नाव नाही. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्रीच्या रेडिओ कार्यक्रमातला काळा वादक डीफोर्ड बेली घ्या. तो माउथ ऑर्गनवर आगगाडी पळवायचा, लोक वेडे व्हायचे. दौऱ्यावर मात्र साथीदारांच्या हॉटेलात त्याला खोली नाही, आणि १९४१ मध्ये काढून टाकला. बिनबोलता वाजवण्याची ही किंमत कोण मोजत आलंय?

बँजोवाली_मावशी
लेबलचं माहीत नव्हतं. गप्प बसते थोडा वेळ.

साधा_वाचक
अवांतर: 'झालं गेलं विसरा, आम्ही कुठे काय केलं' हे वाक्य ऐकायला टेनेसीला जायची गरज नाही. आमच्या सोसायटीत जातीचा विषय निघाला की दुसऱ्या मिनिटाला येतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं होतं, ते उगीच नाही.

उगाच_एक
अवांतर नाही हो, मुद्द्याचंच आहे. पंतांच्या सहकारीचं वाक्य वाचून गाणं पुन्हा लावलं, या वेळी हेडफोनवर. पावणेसहा मिनिटांचं म्हणा ना, लांबलचक गाणं. काउंटरवरच्या माणसाची आठवण सुरुवातीला निघते, पण काय झालं ते त्याच्या तोंडून एकदाही येत नाही. उत्तर द्यायला येतो तो साखळीवाला.

तरी टिंगल जास्त झाली हे माझं मत कायम आहे.

झणझणीत_रस्सा
राहू द्या. पण पुढच्या वेळी टीशर्ट दुसरा घाला म्हणावं.