नागोया: आईबाबांना किल्ला आणि देवळं दाखवायची आहेत, कुठून सुरुवात करू?

आमटीभात

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबा पहिल्यांदाच जपानला येतायत. मी गेल्या वर्षीपासून नागोयात आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. सुट्टी फारशी मिळणार नाही, त्यामुळे फिरणं शनिवार-रविवारीच. क्योतोचं ठरलंय, ते सोडून द्या. प्रश्न नागोयाचाच आहे. ऑफिसातल्या जपानी लोकांना विचारलं तर तेच हसून म्हणतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

बाबा आयुष्यभर गड चढलेले. आता गुडघे कुरकुरतात, पण किल्ला म्हटलं की अजूनही बूट घालून तयार. इथल्या किल्ल्याचा मुख्य मनोरा बंद आहे असं वाचलं. मग जाण्यात अर्थ आहे का? आईला देवळं बघायचीत, पण तिचे प्रश्न वेगळेच: घंटा वाजवायची का, नैवेद्य चालतो का, हळदकुंकू वाहिलं तर कुणी ओरडेल का. शिवाय ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

कुणी आपल्या आईवडिलांना फिरवलं असेल तर सांगा.

तिखटमीठ

थेट हिमेजीचा किल्ला गाठा. शिंकान्सेनने दीड तास. नागोयाचा मनोरा सिमेंटचा, तोही बंद. बाहेरून फोटो काढून काय करणार?

नाकामुराची_मावशी

अरे आमटीभाता, ऑफिसातल्यांचं मनावर घेऊ नकोस. स्वतःच्या गावाला नावं ठेवणं हा नागोयाकरांचा आवडता उद्योग आहे, लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ऐकतेय. आणि तिखटमीठ, हिमेजी सुंदरच आहे, पण प्रश्न नागोयाचा विचारलाय ना!

किल्ल्याचं आधी. मनोरा मे २०१८ पासून बंद आहे, मोठ्या भूकंपात टिकेल याची खात्री नाही म्हणून. पण तो १९५९ साली काँक्रीटमध्ये उभारलेला, आत लिफ्ट वगैरे. मूळचा १४ मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाला. आता पुन्हा लाकडात बांधायचं घाटतंय, आणि त्यात लिफ्ट घालायची की नाही यावरून इथे वर्षानुवर्षं भांडणं चाललीयेत. तेव्हा आत जाता आलं नाही म्हणून हळहळायचं कारण नाही. छपरावरचे सोनेरी शाची, म्हणजे वाघाचं तोंड आणि माशाचं धड, खालूनही छान दिसतात.

खरी चीज शेजारी आहे. होन्मारू गोतेन, राजवाडा. तोही त्याच दिवशी जळाला, पण सरकत्या दारांवरची आणि छतांवरची चित्रं त्याआधी काढून हलवली होती, त्यातली हजारावर वाचली. शिवाय युद्धाआधी कुणीतरी शहाणपणाने अख्ख्या वाड्याची मोजमापं घेऊन नकाशे काढले होते, काचेच्या निगेटिव्हवर फोटो घेतले होते. त्यांच्या आधाराने २००९ पासून काम करत २०१८ मध्ये सगळा वाडा जसाच्या तसा उभा केला. बूट काढून आत जायचं, पाठीवरची सॅक पुढे घ्यायची.

शिरल्या शिरल्या वाघांच्या खोल्या लागतात. पाहुण्यांना दबकवायला सोनेरी भिंतींवर वाघच वाघ. आता गंमत अशी, की चित्रकारांनी जिवंत वाघ जन्मात पाहिलेला नव्हता. कातडी आणि चिनी चित्रं, एवढंच भांडवल. बिबट्या म्हणजे वाघाची मादी असा तेव्हा समज होता, म्हणून वाघांच्या घोळक्यात ठिपकेवाल्या 'वाघिणी' आरामात बसल्यात. बाबांना काही न सांगता त्या दारापुढे उभं कर आणि काय खटकतंय ते विचार. भिंतीवर आहेत त्या नव्याने रंगवलेल्या प्रती. मूळ चित्रं आवारातल्याच संग्रहालयात आलटून पालटून मांडतात.

मग बाबांना तटाशी सोडून दे. हा आपला भुईकोट आहे हे आधीच सांग, नाहीतर डोंगर शोधत बसतील. इथला सगळा जीव खंदकात आणि दगडांत. १६१० मध्ये, जपानची सत्ता हातात असलेल्या तोकुगावा इएयासुने पश्चिमेकडच्या वीस सरदारांना इथे दगड वाहायला लावलं, खर्च ज्याचा त्याने करायचा. म्हणजे किल्ला स्वतःला मिळाला आणि उद्या उलटू शकणाऱ्यांचे खिसेही रिकामे झाले! आपला दगड दुसऱ्याने पळवू नये म्हणून प्रत्येकाने त्यावर स्वतःची खूण कोरली. कुठे वर्तुळ, कुठे त्रिकोण, कुठे नुसत्या दोन रेघा. त्या अजून दिसतात, तिरकं ऊन असलं की जास्त चांगल्या, म्हणून सकाळी जा. मुख्य मनोऱ्याचा पाया त्यांतल्याच कातो कियोमासा या सरदाराने रचला. हा नागोयातल्याच आमच्या नाकामुऱ्याचा. इएयासुआधी जपान एकत्र आणणारा तोयोतोमी हिदेयोशीही इथलाच, हे बाबांना ऐकवल्याशिवाय राहणार नाही मी. आत एक प्रचंड शिळा आहे, तिलाही कियोमासाचं नाव चिकटलंय, पण ती भिंत खरं तर कुरोदा नागामासा या दुसऱ्या सरदाराच्या वाट्याची होती. मोठं काही दिसलं की लोक मोठ्या माणसाच्या नावावर टाकतात, दुसरं काय.

अस्सल जुना लाकडी मनोरा हवाच असेल तर इनुयामा. मेइतेत्सु रेल्वेने साधारण अर्धा तास, पुढे पायी. जपानात राष्ट्रीय ठेवा ठरलेले पाचच मनोरे आहेत, त्यातला हा एक. किल्ल्याची सुरुवात १५३७ ची मानतात, आणि २००४ पर्यंत तो नारुसे घराण्याच्या खासगी मालकीचा होता! बूट पिशवीत घालून हातात धरायचे आणि मोज्यांवर चढायचं. पायऱ्या इतक्या उभ्या की पुढच्याची टाच आपल्या नाकासमोर येते. गुळगुळीत लाकूड, मोजे घसरतात. बाबांना चढायचं असेल तर तू खालून, ते वरून, आणि उतरताना उलटं तोंड करून. वर चारी बाजूंनी उघडा सज्जा आहे, कठडा बेताचा, खाली किसो नदी. आईला वर नेऊ नकोस. पायथ्याशी सांको इनारी देऊळ आहे, लाल तोरीइंची, म्हणजे देवळाच्या कमानींची रांग, तिथे ती रमेल.

आता आई. आत्सुता जिंगू हे शिंतो देऊळ चुकवू नका. सम्राटाच्या तीन पवित्र वस्तूंपैकी तलवार इथे असते. आरसा इसेला, रत्न तोक्योच्या राजवाड्यात. तलवार कुणालाही दाखवत नाहीत. आईला हे लगेच पटेल बघ, गाभाऱ्यात काय आहे ते न बघता हात जोडायची आपल्याला सवयच आहे. नोव्हेंबरात शिचि-गो-सान असतो, म्हणजे तीन, पाच, सात वर्षांची मुलं नटूनथटून दर्शनाला येतात. शनिवार-रविवारी गेलात तर छोट्या किमोनोंची जत्राच दिसेल. आवारात कोंबडे मोकळे फिरतात, त्यांना खायला घालू नका. आणि बाबांसाठी नोबुनागाची भिंत. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईला निघण्याआधी ओदा नोबुनागा या सरदाराने इथे प्रार्थना केली, जिंकल्यावर ही भिंत बांधून दिली. जवळ जाऊन बघा: माती, चुना आणि तेल कालवून त्यात कौलांचे थर आडवे दाबलेत.

रीत अशी. जिंजात, म्हणजे शिंतो देवळात, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, हात जोडायचे, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, नुसता नमस्कार आणि हवी तर उदबत्ती. दोरीची घंटा टांगलेली असेल तिथे आईने खुशाल वाजवावी. हळदकुंकू मात्र पर्समध्येच राहू दे. कुणी ओरडणार नाही, पण शेकडो वर्षांच्या लाकडावर पिंजर सांडली तर पुसणारा मनात काय म्हणेल! नैवेद्य मांडून ठेवायची पद्धत आपल्यासाठी नाही, पेटीत नाणं टाकलं की झालं. आणि भारतातून फळं, फुलं आणायला जाऊ नका म्हणावं, विमानतळावर वनस्पती तपासणीत अडतील.

शेवटचं आणि माझ्या मते आईसाठी सगळ्यात महत्त्वाचं: निताईजी, काकुओझान स्टेशन. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेलगत पिपरहवाला एका स्तूपाच्या उत्खननात बुद्धाचे अवशेष मिळाले. ब्रिटिशांनी ते सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या राजाला दिले, त्याने १९०० मध्ये त्यातला काही भाग जपानला दिला. ते ठेवायला १९०४ साली हे देऊळ झालं. ते कुठल्याच एका पंथाचं नाही, वेगवेगळ्या पंथांचे आचार्य पाळीपाळीने प्रमुख होतात. अवशेष ज्या स्तूपात आहेत तो १९१८ चा, गांधार शैलीतला, इतो चुता या वास्तुविशारदाने रेखाटलेला. अगदी जवळ जाता येत नाही, लांबून दर्शन. पर्यटक फारसे नसतात. पिपरहवाची रत्नं २०२५ मध्ये भारतात परत आली ती बातमी बाबांनी वाचली असेलच, हे त्याच उत्खननाचं.

ओसू कानोन वेळ उरला तर. देऊळ १९७० चं काँक्रीट आहे, पण त्याच्या ग्रंथसंग्रहात 'कोजिकी' या जपानच्या सगळ्यात जुन्या इतिहासग्रंथाची सगळ्यात जुनी हस्तलिखित प्रत आहे. बघायला मिळत नाही. आईला बाजूचा बाजार जास्त आवडेल.

खिचडी_इन_कानसाई

मावशींच्या प्रतिसादाला +१००. दोन गोष्टी जोडतो.

शनिवार-रविवारी 'दोनिचि एको किप्पू' हे तिकीट घ्या, ६२० येन, दिवसभर मेट्रो आणि शहर बस. किल्ला, आत्सुता, ओसू, काकुओझान सगळं त्यात होतं. इनुयामाची मेइतेत्सु वेगळी.

खाणं: आत्सुताच्या आवारात किशिमेन मिळतात, चपट्या शेवया. दिसायला निरुपद्रवी, पण रस्सा माशाचा आणि वर त्याच माशाचे कीस. "मासे नकोत" म्हटलं तर वरचा कीस काढून देतील, रस्सा तोच. म्हणून काकूंना विचारण्यापेक्षा सरळ डबा न्या, दशम्या आणि चटणी. कोको इचिबान्या इकडचीच कंपनी आहे, तिच्या बऱ्याच शाखांत प्राण्यांचं काही न घातलेली करी मिळते. ती वेगळी मागावी लागते, नेहमीची करी देऊ नका म्हणून सांगा.

आमटीभात

मावशी, किती लिहिलंत! प्रिंट काढून बाबांना पाठवतोय. वाघांचं मात्र वगळून.

एक शंका. निताईजीला दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो असं दिसतंय. तेव्हा आईबाबा इथे असतील, पण मी ऑफिसात. दोघांना एकट्यांना जमेल का? जपानी शून्य, आणि बाबा कुणाला रस्ता विचारत नाहीत.

नाकामुराची_मावशी

न विचारता जमेल. हिगाशियामा लाइन, पिवळी. काकुओझानला उतरून वर आलं की त्या दिवशी पिशव्या घेतलेल्या आज्या एकाच दिशेने चाललेल्या असतात, त्यांच्या मागे. देवळापर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ठेले, लोणची, भाजी, जुनी भांडी. लोणची चाखायला देतात, पण आईला सांग, बऱ्याचशांत माशाचं काहीतरी असतंच.

मीही त्या दिवशी जाणारच आहे. नाकामुरा कोएनला बसले की बदल न करता काकुओझान. व्यनिमध्ये (खासगी निरोपात) आईचा नंबर टाक, सकाळी दहाला तिकीट यंत्रांपाशी उभी राहीन. लवकरच या, दुपारी बारानंतर चांगली लोणची संपतात.