टॉवरच्या नोंदींवरून पणजीचे ‘विभाग’? आधी मांडवीचं काय ते सांगा

नदीपलीकडचा: शेजारच्या धाग्यात एकाने ठणकावून लिहिलंय: पणजीच्या आराखड्याला सर्वेक्षण नको, मोबाईल टॉवरच्या नोंदी घ्या, लूव्हाँ (जाळ्यातले गट शोधणारी गणिती पद्धत) चालवा, बाजार-कचेऱ्या-वसाहती आपोआप सुट्या होतात. आपोआप काही होत नाही हो. नोंदीत टॉवरची जागा असते, माणसाची नव्हे. पाण्यावर अडथळा नसल्याने पणजीच्या धक्क्यावरचा फोन मध्येच बेतीचा टॉवर पकडतो आणि परत येतो. माणूस जागेवरच, डेटात मात्र नदीपार दोन फेऱ्या! पाच-दहा मिनिटांतली अशी ये-जा आधी गाळावी लागते. त्याहून मोठी चूक वेगळीच. लूव्हाँ सांगतं कुठले भाग आपसांत जास्त ये-जा करतात. तिथे काय चालतं ते सांगतच नाही. त्यासाठी नकाशाच्या प्रत्येक चौकटीत किती फोन होते त्याचा तासागणिक आलेख लागतो, कामाचा दिवस आणि रविवार वेगळा, म्हणजे 48 रकाने. मग सारख्या आलेखांचे गट. दोन्हींची खिचडी करून वर ‘कार्यविभाग’ अशी पाटी लावायची, हा कसला अभ्यास?

पाटोवाला: एवढं तापायला काय झालं? तुमच्याकडे आहे काय, तर 2011 ची जनगणना. तिच्या बी-28 तक्त्यात कामाचं अंतर आणि वाहन मिळतं, पण नदीपलीकडच्या पर्वरीचा माणूस पणजीला जातो की म्हापशाला, ते नाही. बेजिंगमध्ये 2012 साली टॅक्सीच्या फेऱ्या आणि दुकानं-शाळा-कचेऱ्यांची यादी जोडून हेच काम झालं. लेखांतले विषय शोधणारी संगणकी पद्धत शहराला लावली: रस्त्यांनी कापलेला प्रत्येक तुकडा हा एक लेख, फेऱ्यांचे नमुने हे त्यातले शब्द, आणि विषय म्हणजे त्या भागाचं काम.

नदीपलीकडचा: बेजिंगात टॅक्सीत जीपीएस होतं. इथे भाड्याने माणसं नेणाऱ्या पायलटच्या मोटारसायकलवर दाखवा. खाजगी बसच्या कंडक्टरकडे दाखवा.

चोडणवासी: फेरीबोट विसरलात. पायी जाणाऱ्याला तिकीटच नाही, म्हणजे डेटात चोडण बेटावरची माणसं हवेतून येतात. आणि ‘15 मिनिटं थांबला तर मुक्काम’ हा नियम लावलात की रायबंदरच्या धक्क्यावर रांगेत ताटकळणारे सगळे तिथे ‘कामाला’! धक्का झाला व्यापारी विभाग. सरकारला बोटी वाढवायला नकोत, नकाशे हवेत.

पाटोवाला: धक्के आणि बसस्थानकं आधीच यादीतून वगळतात. शिकाऊ पोरालाही कळतं.

मळ्यातला: आणि कॅसिनो? रात्री 10 ते सकाळी 6 फोन जिथे तिथे घर, हा नियम. म्हणजे मांडवीतली जहाजं ही पणजीची सर्वात दाट वसाहत ठरणार. हटवा एकदाची, डेटाही सुधारेल.

पाटोवाला: प्रत्येक धाग्यात तुमचं कॅसिनोच. गिऱ्हाईक दोन रात्रींत जातं. महिन्यातल्या निम्म्या रात्री एकाच जागी फोन असेल तरच घर धरा, पाहुणे गळतात.

मळ्यातला: आणि रात्रपाळीची पोरं? ती तर रोज तिथेच. त्यांचंही घर जहाजावर?

पाटोवाला: त्यांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस काढा आणि त्या रात्रीची जागा घ्या. झालं समाधान?

मळ्यातला: नाही. जहाजं तिथेच आहेत.

चोडणवासी: विभाग शोधून करणार काय? 2023 मध्ये गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम 17(2) घातलं ते भूखंडागणिक झोन बदलायलाच ना? नकाशा छापेपर्यंत शेत ‘वसाहत’ झालेलं असतं.

नदीपलीकडचा: विषय भरकटवू नका. चौकटीच्या आकाराबद्दल कोणी बोलेना. एच-थ्री (नकाशा षटकोनांत कापणारी जाळी) हिची आठवी पातळी घेतली तर षटकोन सुमारे 0.74 चौ. किमी. पणजीत तेवढ्यात बाजार, कचेरी आणि राहती घरं, तिन्ही कोंबली जातात. नववी घेतली तर 0.1, पण टॉवरची अचूकता तेवढी नाही. म्हणजे नुसता देखावा.

पाटोवाला: मग नववी फक्त जीपीएससाठी ठेवा. वाद कशावर आहे?

चोडणवासी: खाजगीपणावर कोण बोलणार? 2013 च्या मोबाईल नोंदींच्या अभ्यासात वेळ-जागेचे चार बिंदू 95 टक्के माणसं ओळखायला पुरे ठरले. आमच्या गावात तर दोनांत कळेल कोण कुणाकडे गेला.

नदीपलीकडचा: मान्य. कमी फोनांची चौकट छापूच नये. पाटोवालेबाब, तुमचा डेटा वापरा, आनंदाने वापरा. पण लूव्हाँ जाळ्यातल्या जागांचा क्रम बदलून शंभरदा चालवा, कारण क्रम बदलला की सीमा सरकतात, आणि गट आतून तुटके निघाले तर लूव्हाँची 2019 ची सुधारित आवृत्ती, लायडन, घ्या. जी रेघ शंभरातल्या नव्वद वेळा टिकेल तेवढीच नकाशावर काढा. बाकीच्या तुम्हाला लखलाभ.

पाटोवाला: शंभरदा चालवतो. सर्वेक्षणाचे पैसे तुम्ही देणार ना?