बुद्धिबळाचा हा डाव सोडायचा नव्हता हो!

तुम्ही म्हणता, प्यादं गेलं आणि डाव हरलाच होता म्हणून हात मिळवून हार मानली. तुम्ही दिलेली स्थिती मी पटावर मांडून पाहिली. पांढऱ्याचा राजा डी५ (म्हणजे डी स्तंभ, पाचवी ओळ), प्यादं ई५, हत्ती एच७; तुमचा काळा राजा ई८, हत्ती ए१ आणि चाल तुमची. ही सरळ बरोबरी आहे! हत्ती ए६ वर आणा, बस्स. पांढऱ्या राजाला सहाव्या ओळीत पाऊल टाकता येत नाही. त्या ओळीतच हत्ती इकडे-तिकडे हलवत राहा. त्यानं प्यादं ई६ ला ढकललं की लगेच हत्ती ए१ वर न्या आणि मागून शह द्या. प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला आडोसाच उरत नाही. फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिदोरनं हा बचाव १८व्या शतकातच दाखवून ठेवलाय.

एका शनिवार-रविवारच्या स्पर्धेत, शेवटच्या फेरीत माझ्यावर हीच वेळ आली होती. घड्याळात दीड मिनिट. प्यादं पुढे सरकण्याआधीच शह द्यायला हात शिवशिवत होता, तो मांडीखाली दाबून बसलो. बरोबरीचा अर्धा गुण मिळाला, आणि त्याचा आनंद मला कित्येक जिंकलेल्या डावांपेक्षा जास्त आहे.

पुढचा डावही इथे टाका, नक्की बघतो.