फक्त इतर फंक्शन्सना कॉल करणाऱ्या फंक्शनची टेस्ट टीडीडीमध्ये कशी लिहावी?

प्रश्न

आम्ही टीडीडी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) काटेकोरपणे पाळतो, म्हणजे आधी फेल होणारी टेस्ट, मग ती पास होण्यापुरता कोड आणि त्यानंतर रिफॅक्टरिंग, म्हणजे काम तेच ठेवून कोडची रचना सुधारणे. लहान फंक्शन्सच्या बाबतीत हे सुरळीत चालते. अडचण येते ती 'ऑर्डर पक्की करा' यासारख्या फंक्शनपाशी. त्यात स्वतःचे लॉजिक काहीच नाही. ते साठा तपासणाऱ्या, सवलत काढणाऱ्या, पेमेंट घेणाऱ्या आणि पावती पाठवणाऱ्या अशा चार फंक्शन्सना क्रमाने कॉल करते आणि त्या चारही फंक्शन्सच्या टेस्ट आधीच लिहिलेल्या आहेत. चारही मॉक करून, म्हणजे त्यांच्या जागी ठरलेले उत्तर देणारी आणि आलेले कॉल तपासणारी नकली फंक्शन्स बसवून, कॉलचा क्रम तेवढा तपासला, तर टेस्ट म्हणजे कोडचीच नक्कल होते. मॉक टाळले, तर सवलतीचे सगळे नियम पुन्हा तपासावे लागतील असे वाटते. अशा टेस्टने नेमके काय तपासावे?

उत्तर १

या फंक्शनला स्वतःचे लॉजिक नाही, हे मला मान्य नाही. साठा नसेल तर पुढे जायचे नाही, सवलत वजा झालेलीच रक्कम पेमेंटकडे गेली पाहिजे आणि पेमेंट नाकारले गेले तर पावती जाता कामा नये, हे तीन निर्णय त्या चारांपैकी एकाही फंक्शनला ठाऊक नाहीत. ते याच फंक्शनचे आहेत, म्हणून टेस्टही त्यांच्याच लिहाव्यात.

सगळेच मॉक करण्यातला धोका पाहा. समजा, वस्तू सापडली नाही तर साठा तपासणारे फंक्शन आधी शून्य परत करत होते. पुढे कोणीतरी ते बदलून एक्सेप्शन (न हाताळल्यास प्रोग्रॅम थांबवणारी चूक) टाकायला लावले आणि त्याची टेस्टही सुधारली. तुमचा मॉक मात्र शून्यच देत राहील. दोन्हीकडच्या टेस्ट पास होतील आणि प्रत्यक्षात ऑर्डर देताना प्रोग्रॅम कोसळेल.

म्हणून साठा आणि सवलत यांची खरी फंक्शन्स वापरावीत आणि पेमेंट व ईमेल, जिथे आपला प्रोग्रॅम बाहेरच्या जगाला स्पर्श करतो, तेवढ्याच जागी मेमरीत नोंद ठेवणारे साधे फेक बसवावेत. मग 'पेमेंट नाकारले असता पाठवलेल्या पावत्यांची यादी रिकामी आहे' अशी टेस्ट लिहिता येते, आणि आतले कॉल कसेही बदलले तरी ती टिकते.

नियम पुन्हा तपासण्याची भीतीही नको. चार फंक्शन्सना प्रत्येकी चार वाटा असतील, तर वरच्या फंक्शनमधून त्या वाटांचे सगळे संयोग तपासायला २५६ टेस्ट लागतील. खाली प्रत्येकाच्या चार मिळून १६ आणि वर फक्त सांध्यांच्या, म्हणजे ही फंक्शन्स एकमेकांना जिथे जोडली जातात तिथल्या, चार-पाच, एवढ्यावर काम भागते.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण मॉकची बाजूही मांडली पाहिजे. मॉक ऑब्जेक्टची कल्पना २००० च्या सुमारास एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत वापरणाऱ्यांमध्ये पुढे आली, तेव्हा तिच्याकडे डिझाइनचे साधन म्हणूनही पाहिले गेले. खालची फंक्शन्स अजून अस्तित्वातच नसताना तुम्ही वरचे फंक्शन आधी लिहीत असाल, तर त्यांनी काय घ्यावे आणि काय परत करावे हे मॉकमुळेच ठरत जाते. पुढे खरी फंक्शन्स तयार झाल्यावर त्यातल्या ठिसूळ टेस्ट काढून टाकायला कचरू नये.

क्रमाबद्दल एवढेच, की तो अर्थपूर्ण असेल तिथेच तपासावा. पेमेंटच्या आधी साठा राखून ठेवणे हा व्यवहाराचा नियम आहे. पण साठा आणि सवलत यांची अदलाबदल झाल्याने बाहेर काहीच फरक पडत नसेल, तर टेस्टही फेल होऊ नये.

प्रश्नकर्ता

फार उपयोगी पडले, दोघांचेही आभार. एक शंका राहते: काही फंक्शन्स खरोखरच एका ओळीची असतात, आलेले आर्ग्युमेंट जसेच्या तसे पुढे देणारी. त्यांचे काय करावे?

उत्तर १

त्यांना स्वतंत्र टेस्टची सहसा गरज नसते, विशेषतः ती रिफॅक्टरिंग करताना वेगळी काढलेली असतील तर, कारण मूळ टेस्ट त्यांच्यातूनच जाते. खात्री करायची असेल, तर त्या ओळीतली दोन आर्ग्युमेंट्स मुद्दाम उलटसुलट करा आणि सगळ्या टेस्ट चालवून पाहा; म्यूटेशन टेस्टिंगची साधने कोडमध्ये असेच छोटे बदल करून टेस्ट चालवण्याचे काम आपोआप करतात. एखादी तरी टेस्ट फेल झाली, तर ती ओळ राखली गेली आहे असे समजा. एकही झाली नाही, तर कॉल करणाऱ्या फंक्शनच्या पातळीवर त्या आर्ग्युमेंट्सचा परिणाम दिसेल अशी एक टेस्ट वाढवा.