गॅदरिंगला ‘घरीच ठेवा’ म्हणाले. काय करू? (ऐरोली)

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे, ऑटिस्टिक. (स्वमग्न हा शब्द मला पटत नाही. आमच्याकडे त्याला कोणी मग्न राहूच देत नाही.) शाळा खासगी, बाई चांगल्या, वर्षभर तक्रार नाही. गॅदरिंगला वर्गाचा कोळीनाच आहे. परवा फोन आला, “मॅडम, त्या दिवशी त्याला घरीच ठेवा, आवाज असतो, त्यालाच त्रास होईल.” मी “बरं” म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून स्वतःवरच चिडलेय.

आवाजाचा त्रास होतो हे खरं आहे. कुकरची तिसरी शिट्टी झाली की कान दाबून बाथरूममध्ये जातो. पण नाच त्याला अख्खा पाठ आहे. फ्रिजच्या चकचकीत दारासमोर उभा राहून रोज वल्हं मारतो.

दोन प्रश्न: शाळेशी कसं बोलू? आणि वर्गातल्या बाकी पालकांना सांगू का? नवरा म्हणतो, एकदा शिक्का बसला की पुसत नाही.

खारघरचा_बाबा
ताई, फोनवर बोलूच नका. कागदावर या. फोनवर सगळे “त्याच्या भल्यासाठी” बोलतात, तेच लिहून द्यायची वेळ आली की सूर बदलतो.

मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक शिक्का मारून पोच घ्यायची. त्यात दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चं कलम १६ लिहा. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाला भेदभाव न करता शिकवायचं, आणि खेळ व मनोरंजनाच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्यायच्या, असं त्यात आहे. गॅदरिंग त्यातच येतं. ‘आम्ही विनाअनुदानित’ ही पळवाट चालत नाही, मान्यता आहे ना? झालं.

‘आधी ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा’ म्हणाले तर गोंधळू नका. ४० टक्के लागतात ते ६ ते १८ वर्षांच्या मोफत शिक्षणाच्या कलम ३१ साठी. कलम १६ ला ती अट नाही. तरीही यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात आयएसएए नावाची ऑटिझमची ४० मुद्द्यांची तपासणी होते. मुलीच्या वेळी आम्ही तीन फेऱ्या मारल्या. सकाळी डबा बरोबर न्या, रांगेत मुलं कंटाळतात, आपणही.

अर्ज शांत लिहा बरं. माझा पहिला अर्ज बायकोने फाडला होता, आणि बरंच केलं.

वाचनमात्र_पण_आज_नाही
वेगळं मत देते, रागवू नका. आम्ही असा अर्ज दिला होता. गॅदरिंगला घेतलं, पण पुढे वर्षभर डायरीत रोज लाल शेरा. अर्ज द्या, पण बाईंना आधी एकदा प्रत्यक्ष भेटा. त्या बहुतेक घाबरल्या असतील. स्टेजवर काही झालं तर बोलणी त्यांनाच बसणार.

दिवा_फास्ट
मोबाईल बंद करून बघा. माझ्या भाच्यात दोन महिन्यांत फरक पडला.

खारघरचा_बाबा
@दिवा_फास्ट भाच्याला शुभेच्छा. ऑटिझम मोबाईलमुळे होत नाही आणि मोबाईल काढून घेतल्याने जातही नाही. ताईंचा प्रश्न गॅदरिंगचा आहे.

ठाणेपूर्व_विशेषशिक्षिका
वाचनमात्र यांचं पटलं, आधी भेटा. पण भेटीला जाताना हातात काहीतरी घेऊन जा. ‘घ्या त्याला’ एवढंच म्हटलं की बाईंवर ओझं पडतं. ‘असं असं करू’ म्हटलं की त्यांना धीर येतो. मी सुचवते ते असं:

आदल्या दिवशी रिकाम्या स्टेजवर दहा मिनिटं, स्पीकर बंद. मग स्पीकर हळू आवाजात. त्याची जागा कडेला, विंगच्या बाजूला, म्हणजे नकोसं झालं तर दोन पावलांत बाहेर. नाच कार्यक्रमात पहिला किंवा दुसरा लावून घ्या. तीन तास मेकअप करून बसवलेलं कोणतंही मूल बिघडतं, फक्त आपल्या मुलाचं दिसतं. कारखान्यात वापरतात तसले इअरमफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते विंगमध्ये थांबताना घालू दे. ड्रेस आधी दोनदा धुवा आणि मानेचं लेबल कापा. हे लेबल मी दहातल्या आठ आया विसरताना पाहिलंय.

नवी मुंबईत असाल तर वाशीच्या महापालिकेच्या ईटीसी केंद्रात (दिव्यांगांसाठीचं आहे) एकदा जाऊन या. शाळेशी कसं बोलायचं तेही तिथे विचारता येईल.

महापे_रात्रपाळी
मी ३१ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक, निदान २६ व्या वर्षी. पालकांना सांगायचं की नाही यावर इथे चर्चा होईल. मुलाला विचारलंत का? सात वर्षांच्या मुलाला कळतं. आणि नाचायचं आहे का, हेही विचारा. फ्रिजसमोर नाचणं आणि चारशे माणसांसमोर नाचणं वेगळं असतं. मला शाळेत दरवर्षी झाड करायचे. मला झाड व्हायला आवडायचं. घरचे उगाच भांडले, मग मला वाघ केलं. वाघाचा मुखवटा घामाने चिकटायचा.

ऐरोलीची_आई
@महापे_रात्रपाळी तुमचं वाचून खाली मान घातली. विचारलं नव्हतं. काल विचारलं.

त्याचं उत्तर थेट येत नाही. आम्ही रोज ठाण्याहून परततो तेव्हा तो स्टेशनं म्हणतो. आजोबा “ठाणे, ऐरोली” म्हणाले की चिडतो, कारण मध्ये दिघा गाव राहिलं. (२०२४ पासून तिथे स्टेशन आहे, आजोबांना मान्य नाही.) रात्री झोपताना म्हणाला, “पुढील स्टेशन, कोळीनाच. टोपी नाही.” म्हणजे नाच हवा, लाल टोपी नको. टोपीला आतून जाळी आहे, मी हात घालून बघितलं, खरंच टोचते.

बाईंना आज भेटले. विशेषशिक्षिका ताईंचं सगळं वहीत लिहून नेलं होतं. वाचनमात्र, तुमचा अंदाज बरोबर: मागच्या वर्षी दुसऱ्या वर्गातलं एक मूल स्टेजवरून पळालं होतं, तेव्हा त्यांनाच ऐकावं लागलं होतं. विंगची जागा आणि रिकामं स्टेज मान्य. क्रम बदलायला मुख्याध्यापिका ‘बघू’ म्हणाल्या. अर्ज दिलाय, पोच घेतलीय. ‘बघू’चं काय होतं ते शुक्रवारी कळेल.

पालकांच्या ग्रुपवर काय लिहू? मुलगा म्हणाला, “सांग. कानाचं सांग.”

खारघरचा_बाबा
मग कानाचंच सांगा. आम्ही असं लिहिलं होतं, हवं तर बदलून वापरा: “आमची मुलगी ऑटिस्टिक आहे. मोठ्या आवाजात ती कान झाकते, तेव्हा तिला हाक मारू नये, जरा वेळाने बोलते. तुमच्या मुलांनी विचारलं तर हेच सांगा.” ‘समजून घ्या’, ‘सहकार्य करा’ काही लिहिलं नव्हतं. अंगठे आले, दोन पालकांनी घरी खेळायला बोलावलं, एकीने ग्रुप सोडला. चालायचंच.

ऐरोलीची_आई
हे आवडलं. आता टोपीचं बघते. ऐरोलीत सगळीकडे त्याच जाळीच्या आहेत.

वाचनमात्र_पण_आज_नाही
लाल सुती कापड आणा आणि शिंप्याला सांगा, आतली शिवण बाहेरच्या बाजूला काढ. दिसायला थोडी वाकडी येते. स्टेजवरून कोण बघतंय?